बॅग कोणी भरली?

‘डिड यू पॅक धिस बॅग युवरसेल्फ?’ विमानतळाच्या काउंटरवरच्या इंग्रजीत इतका सोपा प्रश्न दुसरा नसेल, आणि मराठी घरातल्या माणसाला खरं उत्तर द्यायला इतका अवघडही नसेल. मुलीच्या बाळंतपणासाठी क्लीव्हलंडला निघालेल्या आजींची बॅग एकट्या आजींनी कुठे भरलेली असते? डिंकाचे लाडू त्यांनी वळले, डब्यात रचले सुनेनं. दुपटी समोरच्या काकूंनी शिवली. मेतकुटाचा पुडा कुणाच्या तरी भाच्यासाठी, ‘तुम्ही जाताच आहात तर’ या सबबीवर आलेला. चेन लागेना म्हणून मुलगा बॅगेवर बसला. मग काटा 23 किलोच्या पुढे गेला, तेव्हा आजोबांनी सगळं उपसून आपल्या हिशेबानं पुन्हा भरलं. हे सगळं इंग्रजीत सांगायचं म्हणजे निबंधच. आजी ‘येस’ म्हणतात आणि मोकळ्या होतात.

अशा प्रवासासाठी परदेशातली मुलं आईवडिलांना एक कागद पाठवतात. त्यावर देवनागरीत वाक्यं असतात: व्हेअर इज द चेक-इन काउंटर, आयल सीट प्लीज, वन बॅग टू चेक इन. कागद प्रेमानं लिहिलेला असतो, पण त्यातली सगळी वाक्यं प्रवाशानं बोलायची असतात. काउंटरवर प्रवासी फारसा बोलतच नाही, तो उत्तरं देतो. बोलतो पलीकडचा माणूस, तेही मान खाली घालून, कीबोर्डवर बोटं चालवत, दिवसातून शंभरदा म्हटलेली वाक्यं एका दमात गुंडाळून. बॅगेत पॉवर बँक आहे का, लायटर आहे का, बॅग बेल्टवर ठेवा, गेट इतक्या वाजता बंद होईल. म्हणजे शिकायचंच तर आधी ऐकायचं इंग्रजी शिकावं. गेट बंद व्हायची वेळ आणि विमान उडायची वेळ वेगळी असते, एवढं कानानं टिपलं तरी निम्मी धावपळ वाचते.

स्वतःहून विचारावं असं वाक्य खरं तर एकच: माझी बॅग थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जाणार का? विमान बदलायचं असेल तर याचं उत्तर माहीत असलेलं बरं. अमेरिकेत शिरताना तर पहिल्याच विमानतळावर बॅग पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा सोपवावी लागते, निदान बहुतेक वेळा. हे कुणी सांगितलेलं नसेल, तर आजी नेवार्कहून हात हलवत पुढच्या विमानात बसतात आणि लाडू मागे राहतात.

हाच प्रश्न 22 जून 1985 रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या विमानतळावर एका माणसानं लावून धरला होता. तिकिटावर नाव ‘एम. सिंग’. टोरांटोपर्यंतची त्याची जागा पक्की होती. तिथून मॉन्ट्रियलमार्गे दिल्लीला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात मात्र तो प्रतीक्षायादीत होता. त्याचं म्हणणं, बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवा. पुढची जागा पक्की नसताना बॅग पुढे पाठवता येत नाही, असं काउंटरवरच्या बाईंनी नियमाप्रमाणे सांगितलं. तो हटेना. महाग तिकीट काढलंय, जागा पक्कीच आहे, असा त्याचा धोशा. मागे रांग वाढत चाललेली. शेवटी बाईंनी बॅगेला दिल्लीपर्यंतचं लेबल लावलं. रोज कुठल्याही काउंटरवर अशी पाच-सहा भांडणं होतात आणि रांगेसाठी कुणीतरी नमतं घेतं. त्या बाईंनी वेगळं काही केलं नव्हतं. बॅग टोरांटोला गेली. एम. सिंग विमानात चढलाच नाही.

टोरांटोत सामान तपासायचं क्ष-किरण यंत्र नेमकं त्या दिवशी मध्येच बंद पडलं, म्हणून उरलेल्या बॅगा हातात धरायच्या उपकरणानं हुंगून सोडण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिकवर 31,000 फुटांवर, ‘कनिष्क’ नावाचं एअर इंडियाचं ते जंबो विमान त्या बॅगेतल्या स्फोटानं फुटलं. 329 माणसं गेली. त्यांतली बहुतेक कॅनडाची नागरिक होती. कितीतरी कुटुंबं शाळेच्या सुट्टीत आजी-आजोबांना भेटायला मुलांना घेऊन निघाली होती. विमान लंडन, दिल्ली करत मुंबईला पोचायचं होतं. विमान फुटण्याच्या साधारण तासभर आधी जपानच्या नारिता विमानतळावर, व्हँकुव्हरहूनच आलेल्या दुसऱ्या एका बॅगेच्या स्फोटात सामान हलवणारे दोन कामगार मेले होते. तीही बॅग एअर इंडियाच्याच विमानात चढायची होती आणि तिचाही मालक विमानात बसलेला नव्हता.

कॅनडात या प्रकरणाच्या चौकशीचा अंतिम अहवाल यायला 2010 साल उजाडलं. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवायची, हा नियम जगभर पक्का होत गेला तो या घटनेनंतर, तोही सावकाश; 1988 मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर विमान पडलं तेही मालकाशिवाय चढलेल्या बॅगेमुळेच. हल्ली एखादा प्रवासी गेटवर येत नाही म्हणून विमान अर्धा तास रखडतं आणि त्याची बॅग पोटातून शोधून काढली जाते. बाकीचे प्रवासी तेव्हा घड्याळाकडे बघत चरफडतात. चरफडावं, पण जरा बेतानं.

बॅग कुणी भरली हा प्रश्न आणखी एका प्रसंगापासून जास्त ठामपणे विचारला जाऊ लागला. एप्रिल 1986, लंडनचं हीथ्रो. एक गरोदर आयरिश तरुणी लग्नाच्या आशेनं तेल अवीवला निघालेली. बॅग तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं दिलेली. इस्रायली विमान कंपनीच्या सुरक्षारक्षकांना रिकामी केलेली बॅगही जड लागली. चोरतळाशी स्फोटकं निघाली. तिला त्याचा पत्ताच नव्हता. नवऱ्या मुलाला 45 वर्षांची शिक्षा झाली. इंग्रजी तर तिची मातृभाषाच होती, तेव्हा काउंटरवर अडकण्याचा आणि भाषा न येण्याचा संबंध वाटतो तितका घट्ट नसावा.

अमेरिकेनं 2002 च्या ऑगस्टमध्ये बॅगेबद्दलचे असे प्रश्न विचारायचं बंद केलं. सगळे एकच उत्तर देतात, रांग मात्र वाढते, असा एकंदर अनुभव. इतर अनेक देशांत ते अजून विचारले जातात.

आपल्याकडे काउंटरवर या प्रश्नांच्या जोडीला खोबऱ्याची चौकशी होते. गोडा मसाला घालून पाठवणाऱ्या घराला हे अपमानास्पद वाटतं, पण त्यामागे कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत सुक्या खोबऱ्याला 1363 हा क्रमांक आहे आणि वर्ग 4.2, म्हणजे आपोआप पेट घेऊ शकणारे पदार्थ. तेलकट खोबऱ्याचा ढीग आतल्या आत तापतो. 2024 च्या ऑक्टोबरात शबरीमलाच्या यात्रेकरूंना नारळ हातातल्या सामानात न्यायची तात्पुरती परवानगी मिळाली, तीही पुढच्या जानेवारीपर्यंतच. खोबऱ्याच्या वाट्या घेऊन निघालेल्या कोकणी माणसासाठी मात्र कुणी परिपत्रक काढलेलं नाही.

इंग्रजीच्या धास्तीवर मराठी ज्येष्ठांनी शोधलेला उपाय म्हणजे व्हीलचेअर. रोज सकाळी पर्वती चढणारे आजोबा तिकिटाबरोबर व्हीलचेअर मागतात, ती गुडघ्यासाठी नसते. ती ढकलणारा माणूस रस्ता जाणतो, रांग जाणतो, अधिकाऱ्याशी बोलतो आणि थेट विमानाच्या दारापर्यंत पोचवतो. ज्यांचे पाय खरोखर चालत नाहीत त्यांना मग ताटकळावं लागतं. सोबत करणारा माणूस पैसे घेऊन देण्याची सोय काही कंपन्यांकडे असते. ती तिकिटाच्या पानावर कुठल्या कोपऱ्यात लपवलेली असते, हे मात्र नातवालाच सापडतं.

गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ या 2012 सालच्या चित्रपटातली शशी गोडबोले कोसळते ती विमानतळावर नाही, न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानात. तिथे प्रश्नामागून प्रश्न येतात आणि प्रत्येकाला आपली आवड सांगावी लागते. काउंटरवर आवड विचारतात ती फक्त बसायच्या जागेपुरती. कागदावर लिहिलेलं असल्यामुळे सगळे आयल मागतात, म्हणजे रात्री उठायला बरं. लांबच्या प्रवासात ते ठीक; पण मुंबईहून गोव्याला तासाभरासाठी जाणाऱ्यानंही आयल मागावी, याला काय म्हणायचं? जानेवारी 2023 पासून गोव्याचे विमानतळ दोन झालेत, तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर पेडण्यातलं मोपा. सावंतवाडीकराला मोपा सोयीचं, मडगावकराला दाबोळी. ज्याला दोन्ही सारखंच, त्यानं दाबोळीचं तिकीट काढावं, खिडकी मागावी, आणि उतरताना झुआरीचं मुख दिसेल त्या बाजूची मिळते का ते काउंटरवर मराठीतच विचारावं. तिथे कोकणीही चालते.