डोया

साडेपाच वर्षांचा मुलगा, अकोल्याकडचा, आजीबरोबर आलेला. शाळेची चिठ्ठी होती : ‘उच्चार अस्पष्ट.’ ऐकू नीट येतं, ते आधीच तपासून झालं होतं. मी चित्रांचा संच काढला. डोळ्यावर बोट ठेवलं. ‘डोया.’ केळी दाखवली. ‘केयी.’ मी दोन फुल्या मारल्या.

मागून आजी म्हणाल्या, “बराबर तं सांगून राह्यला ना मॅडम!”

पेन थांबलं. वऱ्हाडीत ळचा य होतो, हे मला काय परीक्षेपुरतंच माहीत होतं? घरात सगळे डोया म्हणत असताना यानं डोळा म्हणावा, ही अपेक्षा माझी. आणि संचात टोस्टरचं चित्र आहे, ते वेगळंच!

फुल्या खोडल्या. पण मग गाडीचं चित्र आलं. ‘दाडी.’ कप? ‘तप.’ आजींना म्हणायला सांगितलं, त्यांचा ‘ग’ खणखणीत, ‘क’ही. म्हणजे हे बोलीचं नव्हे. जिभेचा मागचा भाग उचलायच्या जागी तो टोक लावतोय. या वयापर्यंत हे सुटायला हवं होतं. यावर काम करायचं. बोली म्हणून हेही सोडून दिलं असतं, तर तीही चूकच.

घरच्या सरावासाठी ‘ग’चे शब्द मी छापील यादीतून देते. आज आजींनाच विचारले. गाय, गादी, गोधडी, गूय.

चौथा शब्द लिहिताना हात सवयीनं ‘ळ’कडे वळला. ‘गूय’ असंच लिहिलं.