इतर हक्कात

बाप गेला की तलाठ्याकडे वारसांचा अर्ज जातो, फेरफार धरला जातो आणि सातबाऱ्यावर नवी नावं चढतात. जुने उतारे काढून पाहिले तर त्यांत मुलांची नावं भोगवटादाराच्या रकान्यात दिसतात आणि मुलींची बरेचदा ‘इतर अधिकार’ या रकान्यात. याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो, विहिरीतला हिस्सा लिहिला जातो, कधी कुळाचं नाव असतं. त्यांच्या पंगतीत ही घरची लेक. ‘बहिणींची नावं इतर हक्कात आहेत,’ असं गावाकडे आजही सहज सांगतात.

कायद्याने तिला कधीच आत घेतलं आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात तिला भाग दिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून मुलीला मुलाप्रमाणे जन्मानेच सहदायक मानलं. मात्र तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही काढली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर पुढे पंधरा वर्षं खल चालला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नसले तरी मुलीचा हक्क जात नाही.

तरीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर हक्क सोडायला आलेल्या बहिणी बसलेल्या दिसतात.

भावाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तीत आधारकार्डांच्या झेरॉक्स आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला. वकिलाकडचा पोरगा पानोपानी सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून देतो. नाव पुकारलं की कॅमेऱ्यासमोर बसायचं, मग यंत्रावर अंगठा. तो पहिल्यांदा उमटत नाही. धुण्याभांड्यांनी आणि खुरपणीने रेषा झिजलेल्या असतात. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा ठेवते. दस्तात ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला’ असे शब्द असतात. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या नावे हक्क सोडायला मुद्रांक शुल्क कितीतरी वर्षं अवघं २०० रुपये होतं. दुपारी सगळे जेवायला एकत्र जातात आणि संध्याकाळच्या एसटीने ती साडीचोळी घेऊन सासरी परतते.

तिला पैसा नको असतो, असं नव्हे. मुलाची फी, घराचा हप्ता, पाठीचं दुखणं तिच्याकडेही आहेच. पण आईमागे माहेर म्हणजे भावाचं घर. दिवाळीत जायचं तिथेच, आणि उद्या लेकीच्या लग्नात तिच्या पाठीशी उभा राहायला मामा हवा. वाटा मागितला तर हे सगळं तुटेल, ही भीती तिला भावाने घातलेली नसते; लहानपणापासून कानांवर पडून ती अंगात मुरलेली असते. ‘तिचा वाटा लग्नात देऊन झाला,’ असं घरात म्हटलं जातं तेव्हा तिलाही ते खरं वाटतं. एवढी जमीन सोडून ती माहेर राखते. हा व्यवहार महाग आहे, आणि आपण तो करतो आहोत हे तिला कोणी सांगतही नाही.

भावाच्या मनातही गुंता असतो. बापाचं आजारपण त्याने काढलं, पीककर्ज त्याने फेडलं, दुष्काळात तोच तिथे होता. ते दोन एकर त्याला मिळकत वाटत नाहीत, आयुष्य वाटतं. त्याचं हे म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं. पण कागद आधी टाइप होतो आणि बहिणीला नंतर बोलावलं जातं, हे मात्र मनाला लागतं. सोडायचं तर तिने सोडावं. पण आधी तिला विचारावं तरी.

जमिनीत जे होतं ते बँकेतल्या ठेवीतही होतं. ‘नॉमिनी मी आहे’ म्हणजे पैसा माझा, अशी घरोघरी समजूत असते. विम्याच्या पैशाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्येच सांगितलं होतं की नॉमिनी रक्कम स्वीकारतो, हक्क मात्र सगळ्या वारसांचा राहतो; विम्यात हा नियम २०१५मध्ये जवळच्या नातलगांपुरता बदलला, ठेवींना मात्र तो आजही लागू आहे. गोव्यात लेकीची ही कोंडी थोडी सैल आहे. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्याने तिथे निम्मी मिळकत मुलांसाठी राखीव असते. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही आणि मृत्युपत्राने बापालाही ती हिरावता येत नाही. आपला भाग तिथल्या लेकीला मागणं म्हणून मागावा लागत नाही.

इकडे मराठीने ‘भाऊबंद’ या मायेच्या शब्दातून ‘भाऊबंदकी’ काढली. ‘वाटा’ हा शब्दही घरात दबक्या आवाजात उच्चारला जातो. सही न करणाऱ्या बहिणी आता भेटतात. अशा बहिणीचं नाव भावाच्या नावाखाली भोगवटादाराच्या रकान्यात चढतं आणि शेत भाऊच करत राहतो. पहिल्या भाऊबीजेला ओवाळताना दोघंही मान वर करत नाहीत, शेताचं नाव कोणी काढत नाही. एखाद्या घरी मग दोन-तीन वर्षांनी, मळणी झाल्यावर, भाऊ ज्वारीचं पोतं टेम्पोतून उतरवून तिच्या दारात ठेवतो. घाम पुसत उंबऱ्यावर बसतो, पाणी मागतो.

‘तुझ्या वाट्याची आहे,’ म्हणतो.