मोतीचा पाय

माथेरानात घोडा हा शौक नव्हे. तो घरातला कमावता माणूस. गावात मोटारींना मज्जाव. तेव्हा पाहुणा एक तर पायी हिंडे, नाही तर माणसांनी ओढलेल्या रिक्षात बसे, नाही तर आमच्या मोतीवर. पावसाळ्यातली उधारी दिवाळीच्या आठ-दहा दिवसांत फिटायची. आणि 1978 सालच्या दिवाळीला चारच दिवस उरले असताना मोती लंगडू लागला.

अण्णांनी पाय चाचपून पाहिला. सूज नाही, जखम नाही. नालबंदाने नाल उतरवला, खुराचा तळ तासला. खिळा वाकडा गेला नव्हता, खडा रुतला नव्हता. चिमट्याने खूर दाबला, तरी मोतीने कानसुद्धा हलवला नाही.

शेजारच्या तबेल्यातले काका म्हणाले, "ढोंग करतोय. काम कुणाला हवंय?"

आम्ही मुले हसलो. अण्णा हसले नाहीत.

नेरळहून छोट्या गाडीने गुरांचे डॉक्टर वर आले. त्यांनी मोतीला सपाट, कठीण जागेवर दुडक्या चालीने पळवायला लावले आणि मला म्हणाले, "पायाकडे पाहू नकोस. मान बघ." खरेच! पुढचा डावा पाय टेकला की मान वर जाई, उजवा टेकला की खाली येई. दुखऱ्या पायावरचा भार बिचारा मानेने उचलून घेत होता.

मग डॉक्टरांनी टाचेच्या वर बधिर करण्याची सुई दिली. थोड्या वेळाने मोती असा पळाला, की जणू काही झालेच नव्हते.

"बरा झाला!" अण्णांचा चेहरा उजळला.

"बरा नाही झाला," डॉक्टर म्हणाले. "त्याला दुखणं कळेनासं झालंय. दुखतंय ते खुराच्या भागात, एवढं आपल्याला समजलं. काय दुखतंय, ते मला नाही सांगता येत."

सहा आठवडे खोगीर नाही, चंदी कमी, गवत भरपूर, रोज थोडे हाती धरून चालवायचे आणि दर आठवड्याला दुडकी चाल पाहून वहीत नोंद करायची. एवढे सांगून डॉक्टर उतरले.

रात्री काका पुड्या घेऊन आले. "चंदीत कालवा. दुखणं दबेल, दिवाळी निघेल." अण्णांनी त्या घेतल्या. रात्रभर पुड्या कोनाड्यात दिव्याशेजारी होत्या. आम्हांला नवे कपडे हवे होते. माझी नजर सारखी तिकडे जाई.

सकाळी आईने विचारले, "देणार?"

"नाही. नाव नाही कळलं, म्हणून दुखणं खोटं होत नाही."

अण्णांनी पुड्या परत केल्या आणि स्टेशनावर जाऊन पाहुण्यांच्या ट्रंका डोक्यावर घेतल्या. त्या दिवाळीत लाडू मोजून मिळाले. नवे कपडे नव्हतेच. नरकचतुर्दशीला आम्ही जुनेच सदरे घालून मोतीच्या गळ्यात झेंडूची माळ बांधली. त्यातली निम्मी फुले त्याने लगेच खाल्ली.

रोज संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसून त्याची चाल पाहत. सहाव्या आठवड्यात मान स्थिर झाली. काय झाले होते, ते अखेरपर्यंत कुणालाच कळले नाही.

पण त्या पाहण्याने अण्णांचे डोळे बदलले. एका संध्याकाळी आई पाण्याची कळशी घेऊन पायऱ्या चढत होती. अण्णा वही मिटून एकदम म्हणाले, "तू दर पायरीला उजवाच पाय आधी टाकतेस. डावा गुडघा दुखतो?"

आई थांबली. "चार वर्षं झाली की," ती म्हणाली. "वैद्यांना काही सापडलं नाही. मग म्हटलं, सांगायचं तरी काय?"

अण्णा काही बोलले नाहीत. उठले, आणि तिच्या हातातली कळशी घेतली. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर अण्णा जाऊ लागले.