काठीशिवाय शिकवता येतं

"कुत्र्याच्या पिल्लावर लेख? चळवळीला आता हेच उरलं का?" असं काही मित्र विचारतील. विचारू द्या. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचं धन म्हणून कुत्री आणि गाढवं सांगितली आहेत. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, आपल्याला बंदी होती. त्यामुळे कुत्र्याचं नाव काढलं की आपल्या जुन्या माणसांना अपमानच आठवतो. पण तो अपमान कुत्र्याने केलेला नव्हता.

बदनापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीत, अभ्यासिकेच्या ओट्यावर एक गावठी पिल्लू राहतं. वय चार महिने. चपला पळवायच्या, अंगावर उड्या मारायच्या, पँट धरून ओढायची. म्हातारी मंडळी म्हणाली, "दोन काठ्या घाला, सरळ होईल." आम्ही नाही म्हणालो. या वयात दुधाचे दात पडतात, हिरड्या शिवशिवतात, ते चावणारच. त्याला जुन्या लुगड्याची घट्ट गाठ मारून दिली. माणसाला दात लावले की खेळ बंद, सगळे पाठ फिरवून उभे. चारही पाय जमिनीवर टेकले की भाकरीचा तुकडा, तोही त्याच क्षणी. उशिरा दिलेला तुकडा कशाबद्दल हे त्याला कळत नाही. आणि झोप! एवढ्या पिल्लाला दिवसाकाठी अठरा तास झोप लागते. पोरं झोपूच देत नव्हती, म्हणून संध्याकाळी ते वारं प्यायल्यासारखं उधळायचं. दुपारी सावलीत पोतं टाकलं आणि तिकडे कुणी फिरकायचं नाही असं ठरवलं. निम्मा दंगा तिथेच संपला.

सगळ्यात जास्त मेहनत हाकेवर घेतली. कारण पिल्लू रस्ता ओलांडून गावात गेलं की दगड येतो, दगडामागून शिवी येते, आणि ती शिवी कुत्र्याला नसते. मग आमची पोरं उसळतात. म्हणून रोज दहा मिनिटं नावाने हाक मारायची, आलं की तुकडा. कितीही उशिरा आलं तरी रागवायचं नाही. रागावलात, तर पुढच्या हाकेला ते येणारच नाही.

मार खाल्लेलं पिल्लू शांत दिसतं. ते शिकलेलं नसतं, दबलेलं असतं. हा फरक आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेतल्या मारावर बंदी आणली, तरी आपल्याच घरांत छडी अजून दाराआड उभी असते. पिल्लाला शिकवता शिकवता आमच्या दोन पालकांशी त्यावरून चांगलाच वाद झाला. तो अजून चालू आहे.

पिल्लाला रेबीजची लस दिली आहे. हाक मारली की आता तीनदा दोनदा ते रस्त्याच्या अलीकडेच थांबतं. तिसऱ्यांदा पलीकडे कुणाकडे तरी मटण शिजत असतं.

जय भीम!