ढोल, पॉवर प्रेस आणि ब्लॅक सॅबथ

बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवर कालव्यावरच्या पुलाला एका बँडचं नाव आहे: ब्लॅक सॅबथ. २०१९ साली तिथे पोलादी बाक बसवला, त्यावर बँडमधल्या चौघांचे चेहरे आहेत. अॅस्टन आणि आसपासच्या कामगार वस्तीतली ही मुलं. कामाला जाताना मी त्या पुलावरून जाते. या शहरात ओळख जरा वाढली की समोरचा हमखास विचारतो, तुझा आवडता बँड कोणता? मी उलट विचारते, कोणत्या वर्षीचा सांगू?

माझा पहिला बँड मुळशी तालुक्यातल्या पिरंगुटचा, आमच्या गावचा ढोल-लेझीमचा ताफा. पुण्यातली आजची शिस्तीची, गणवेशातली पथकं सगळ्यांना माहीत आहेत. पण पूर्वी विसर्जन मिरवणुकीत वाजायला मुळशी-मावळातल्या गावांचे ताफे शहरात उतरायचे. भाताची लावणी उरकली की संध्याकाळी देवळापुढे सराव सुरू व्हायचा. ढोलाचे दोर आवळले जायचे, लहान पोरं झांजा धरायची. आम्हा मुलींच्या हाती ढोल कुणी देत नसे. मी पारावर बसून ऐकायची आणि मांडीवर ठेका धरायची. मिरवणुकीहून माणसं दुसऱ्या दिवशी परतायची ती आवाज बसलेली, हाताला फोड आलेली, पण चेहऱ्यावर सगळं शहर जिंकल्याचा आनंद.

मग कॅसेट आल्या. १९९७ साली जुनून या बँडचा ‘आझादी’ हा अल्बम, पुढच्या वर्षी सिल्क रूटचा ‘बूंदें’, युफोरियाचा ‘धूम’. डिप्लोमासाठी पुण्याला एसटीने ये-जा सुरू झाली होती आणि शहरातल्या मैत्रिणी जे ऐकत ते मलाही ऐकायचं होतं. तो काळ लवकर सरला.

‘कंदिसा’ मात्र सरला नाही. इंडियन ओशनचा हा अल्बम २००० साली आला. त्यातलं ‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं. बँडचा बास वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेला माणूस आहे, हे मला नंतर कळलं आणि मग ते गाणं माझ्यासाठी वेगळंच झालं. मी मुळशीची. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो आमच्या तालुक्यात. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, मुंबईला वीज मिळाली. आमच्याकडे बुडालेल्या गावांची नावं आजही सोयरिकी सांगताना निघतात, पण त्यावर कुणी ढोल वाजवलेला मी ऐकला नव्हता. नदीचं दुःख गिटार आणि तबल्यावर असं उभं राहू शकतं, हे इंडियन ओशनच्या चौघांनी दाखवलं. पुढची कित्येक वर्षं विचारणाऱ्याला मी एकच नाव सांगत होते.

वय वाढलं की आवड प्रगल्भ होते, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ढोल ऐकणारी मुलगी कमी कळणारी नव्हती. त्या त्या वेळी मनात जे अडलेलं असतं ते ज्या बँडमध्ये वाजतं, तो आपला होतो. ते अडलेलं बदललं की बँडही बदलतो.

बर्मिंगहॅमला आले ती शीट मेटलच्या डाय डिझाइनच्या कामावर. सॅबथचं नाव ऐकून होते, पण तो गोंगाट वाटायचा. मग त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याची हकिगत कळली. सतरा वर्षांचा हा मुलगा शीट मेटलच्या कारखान्यात होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी, कुणी कामावर आलं नाही म्हणून त्याला प्रेसवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर दोन बोटांनी गिटार वाजवणारा हा कलावंत. टोनीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं लावलं, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण उतरवला. १९७० साली पहिला अल्बम आला. पुढे जगभर वाजलेला तो जड, खोल आवाज असा घडत गेला.

पिरंगुट, उरवडे, कासार आंबोलीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात प्रेसखाली बोटं जाणं मी लहानपणापासून पाहिलेलं. आमच्या आळीतल्या तात्यांची दोन बोटं पॉवर प्रेसखाली गेली. पाळी संपत आली होती, माल द्यायचा होता, डाय आणि पंचाच्या मधे हात राहिला. त्यांच्यासारखा ढोल आमच्या ताफ्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्यानंतर टिपरू हातात टिकेना, मग ते झेंडा घेऊन पुढे चालू लागले. त्यांना कुणी रेकॉर्ड आणून दिली नाही. आज डाय काढताना ऑपरेटरचा हात कुठे येईल हे मी सगळ्यात आधी पाहते. गोंगाट वाटणारा तो बँड माझा झाला तो तात्यांमुळे.

५ जुलै २०२५ ला व्हिला पार्क मैदानावर सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला. २२ जुलैला बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली, तेव्हा मी गर्दीत उभी होते. शववाहिनीबरोबर बॉस्टिन ब्रास हा इथला ब्रास बँड होता. जगातल्या सगळ्यात कर्कश समजल्या गेलेल्या गायकाला निरोप द्यायला ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन, आणि माणसं रडत होती. मला पुण्यातला प्रभात बँड आठवला. सोलापूरकरांचा हा बँड गणपतीच्या मिरवणुकीत वाजू लागला की माणसं जागच्या जागी थांबत.

गेलं वर्षभर मी ब्रास बँडच ऐकते आहे. विलायतेतले ब्रास बँड खाणी आणि गिरण्यांतल्या कामगारांनी उभे केले. आपल्याकडे ही वाद्यं पलटणींतून आणि संस्थानांतून आली आणि वरातीत रुळली. नवरा-नवरीकडे पाहण्याच्या नादात त्या क्लॅरिनेटवाल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. उन्हात जाड कोट घालून तो तासन्‌तास चालत फुंकतो. डीजेच्या भिंती आल्यापासून त्याचं काम आटलं आहे.

मुळशीत यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना माझी विनंती आहे: सुपारी बँडवाल्यांना द्या. आणि वरात निघण्याआधी अर्धा तास मंडपात त्यांना खुर्च्या देऊन बसवा, सगळ्यांनी समोर बसून त्यांचं वाजवणं ऐका.