तापल्या दगडावरचा घास

जपानमध्ये ‘ग्यूकात्सु’चे ताट समोर आले की प्रथमदर्शनी वाटते, स्वयंपाक्याने काम अर्ध्यावर सोडले आहे. ‘ग्यू’ म्हणजे गोमांस आणि ‘कात्सु’ म्हणजे आपले कटलेट. इंग्रजीतला तो शब्द जपानी जिभेवर ‘कात्सुरेत्सु’ झाला आणि पुढे आखूड होऊन ‘कात्सु’ उरला. आपल्याकडे तोच शब्द बटाट्यात शिरला. मांसाच्या जाड तुकड्याला पावाच्या बारीक चुऱ्याचा लेप देऊन तो कडकडीत तेलातून मिनिटभरात बाहेर काढतात आणि बोटभर रुंदीच्या कापांत ताटात मांडतात. बाहेरून सोनेरी कवच, आत मात्र लालभडक, जवळजवळ कच्चे मांस. सोबत एक लहानसा दगडी तवा आणि त्याखाली पेटते घन इंधन. प्रत्येक काप आपण स्वतः त्या दगडावर हवा तितका भाजायचा आणि मग मीठ किंवा वासाबी घातलेल्या सोया सॉससोबत खायचा.

मुलाकडे वा लेकीकडे टोकियोला जाणारी ज्येष्ठ मंडळी आता कमी नाहीत. तिथल्या निशिकासाई भागात तर भारतीय कुटुंबांची चांगली वस्ती आहे. आपणांपैकी अनेकांना गोमांस वर्ज्य असेल. त्यांनी संकोच न करता तसे सांगावे आणि ‘तोन्कात्सु’च्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या दुकानात जावे, किंवा कोंबडीचे ‘चिकन कात्सु’ अथवा कोळंबीचे ‘एबी फुराय’ मागवावे. शाकाहारी वाचकांनी मात्र सावध असावे. बटाट्याच्या ‘कोरोक्के’त बहुधा खिमा असतो आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या मिसो सूपचा पाया माशाच्या अर्काचा असतो.

गंमत अशी की, ज्या देशात आज या ताटासाठी रांगा लागतात, तिथे इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू याने गाईबैलांसह काही प्राण्यांचे मांस खाण्यावर बंदी घातली होती. बाराशे वर्षांनी, १८७२ मध्ये, सम्राट मेइजी याने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे समाजाची भीड चेपली.

आता मुख्य मुद्दा. मांसाच्या अखंड तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात आणि गरम तेलात ते मरतात. म्हणून आतून लाल राहिलेला काप धडधाकट तरुणाला सहसा बाधत नाही. परंतु मांस मऊ करण्यासाठी सुयांनी टोचलेले असेल किंवा लहान तुकडे जोडून एकसंध केलेले असेल, तर हे जंतू आतवर पोहोचतात. आणि ताटाकडे पाहून हे ओळखता येत नाही. ई. कोलाय जंतूच्या विषारी जाती वृद्धांच्या आणि लहान मुलांच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. २०११ मध्ये जपानमध्येच कच्च्या गोमांसातून झालेल्या विषबाधेत पाच जणांचा बळी गेला आणि पुढल्या वर्षी कच्चे गोयकृत विकण्यावर सरकारने बंदी आणली. मांसाच्या आतल्या भागाला ७५ अंश सेल्सियस उष्णता एक मिनिटभर मिळावी, असे तिथले आरोग्य खाते सांगते. सत्तरी ओलांडलेल्यांनी, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शेजारचा तरुण लाल काप चवीने खात आहे म्हणून त्याचे अनुकरण करू नये. एक काप मधोमध फोडून पाहावा. आत लालसर छटा असेल तर पुन्हा दगडावर. ‘योकु हि ओ तोओशिते कुदासाई’, म्हणजे ‘आतपर्यंत नीट शिजवून द्या’, अशी विनंतीही करता येते. कच्चे मांस उलटण्याच्या काड्या वेगळ्या आणि खाण्याच्या वेगळ्या ठेवाव्यात; दुसरी जोडी मागायला कोणी हरकत घेत नाही.

अशाच एका दुकानात माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई लेकीसोबत बसल्या होत्या. लेक भराभर काप भाजून आईच्या वाडग्यात ठेवत होती. तीन काप साचले तरी आईने काड्या उचलल्या नाहीत. काही वेळाने लेकीच्या लक्षात आले असावे. तिने दगड हलकेच आईच्या बाजूला सरकवला. बाईंचा हात थरथरत होता. पहिला काप दगडाच्या कडेवरून निसटला, दुसरा चिकटला. तिसरा त्यांनी इतका वेळ भाजला की त्याचा तपकिरी पापडच झाला, आणि तो मात्र त्यांनी समाधानाने खाल्ला. त्या सगळ्या वेळात लेकीने एवढेच केले की, आईची बाही आणि तो तापलेला दगड यांच्यामध्ये आपला तळवा आडवा धरून ठेवला. घरातल्या वृद्धांना भरवण्याची आपल्याला फार घाई असते, असे माझे मत आहे. बाही मागे दुमडणे, इंधन संपत आले की नवे मागून घेणे आणि पाहत बसणे इतके पुरे असते.

चावण्याचा प्रश्न मात्र निराळा आहे. ऐंशीव्या वर्षी स्वतःचे किमान वीस दात शाबूत असावेत, ही मोहीम जपानने १९८९ मध्ये सुरू केली आणि २०१६ च्या पाहणीत तिथले निम्म्याहून अधिक ऐंशीतले नागरिक त्या उद्दिष्टाला पोहोचलेले आढळले. हे ताट अशा दातांचे आहे. कवळी असेल तर पावाच्या चुऱ्याची टोके टाळ्याला बोचतात, आणि अधिक भाजलेले मांस अधिक चिवट होते. सुरक्षितता आणि मऊपणा यांचे इथे जमत नाही. निवड करायची तर सुरक्षिततेची करावी आणि काप लहान करून घ्यावेत. जपानी घरांत वृद्धांच्या ताटातले अन्न लहान कात्रीने कापण्याची पद्धत आहे. तशी कात्री जवळ ठेवण्यात कमीपणा नाही. गिळताना ठसका लागत असेल तर हे ताट आपले नव्हे.

सोबतचा भात सातू मिसळलेला असतो आणि त्यावर ओतायला ‘तोरोरो’, म्हणजे किसलेल्या कच्च्या कंदाचा पांढरा, बुळबुळीत रस येतो. कोरड्या तोंडाला तो सुखावतो, मात्र काहींच्या ओठांना खाज सुटते, तेव्हा आधी चमचाभरच घ्यावा. एका ताटात साधारण १३० ग्रॅम मांस असते. त्यातून प्रथिने भरपूर मिळतात, आणि उतारवयात स्नायू टिकवण्यासाठी ती हवीतच. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब असेल तर मिसो सूप अर्धे ठेवावे. एका वाडग्यात सव्वा-दीड ग्रॅम मीठ सहज जाते. भात कमी हवा असेल तर ‘गोहान सुकुनामे’ म्हणावे. पाणी बर्फाचे येते. गरम पाण्याला ‘ओयू’ म्हणतात. उरलेले अर्धवट भाजलेले काप बांधून घरी मात्र नेऊ नयेत.

काड्या भातात उभ्या रोवू नयेत. मृतासाठी ठेवलेल्या भातात त्या तशा रोवतात; आपल्याकडे पिंडाच्या भाताकडे ज्या नजरेने पाहतात, तीच ही नजर.

जाण्यापूर्वी मुलांना एवढे विचारून घ्यावे की दुकान तळघरात आहे का, लिफ्ट आहे का आणि बसायला पाठ असलेली खुर्ची मिळेल का. अनेक ठिकाणी उंच स्टूल आणि अरुंद जिना असतो, आणि दुपारी बाराला अर्धा-पाऊण तास रांगेत उभे राहावे लागते. तीनच्या सुमारास गेल्यास गर्दी ओसरलेली असते आणि दगडावर एकेक काप सावकाश भाजायला कोणी घाई करत नाही.