उन्हाळ्यांतील विजार

शरीराच्या अवयवांत डोक्यास जो मान मिळतो तो पायांस मिळत नाहीं, ही तक्रार जुनी आहे. वडील माणसांच्या पायांवर डोकें ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे खरी. परंतु त्यांतही मान मिळतो तो पायांच्या धन्यास, पायांच्या वांट्यास धूळच येते. फटफटीवर बसणाऱ्या मनुष्याच्या पायांची स्थिति तर याहूनही हलाखीची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें त्याच्या मस्तकावर शिरस्त्राण चढविलें. १९८९ च्या केंद्रीय नियमावलींतील १२३ व्या नियमानें, मागें बसणाऱ्याचें वस्त्र चाकांत गुंतूं नये म्हणून, मागील चाकाचा निदान अर्धा भाग झांकण्याची तजवीज केली. डोकें सुरक्षित झालें आणि लुगड्याचा पदरही सुरक्षित झाला. या दोहोंच्या मध्यें जो बिचारा गुडघा राहिला, त्याचा कैवार मात्र ज्याचा त्यानेंच घ्यावयाचा आहे.

आमचें गांव कडेगांव. मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांमुळें, आणि त्या उत्सवांत हिंदु व मुसलमान सारख्याच उत्साहानें भाग घेतात यामुळें, तें दूरवर परिचित आहे. हे ताबूत उभारतांना आधीं कळस आणि मग पाया अशी उलटी रीत पाळतात. ताबुतांस ती शोभते, कारण तिच्यामागें कारागिरांच्या पिढ्यांचें कसब आहे. फटफटीवाल्यांनीं मात्र कसबावांचूनच ती उचललेली दिसते. पोलिसाच्या भयानें कां होईना, कळस चढला. पाया अजून यावयाचा आहे. या मंडळींस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, हें येथेंच सांगून टाकतों. कारण चार वर्षांपूर्वींपर्यंत आम्हीही याच पंथांतले होतों.

या विषयावर लेखणी उचलण्यास निमित्त झाला आमचा पुतण्या. गतवर्षीं त्यास कराडच्या महाविद्यालयांत रोज जाणें-येणें करण्याची पाळी आली, म्हणून घरांत नवी फटफटी आली. आमच्या वडील बंधूंनीं शिरस्त्राण आणून दिलें. आणि आम्हीं पूर्वीं पुण्यास असतां कांहीं लांबच्या सफरी केल्या असल्यामुळें विजारीचें काम आमच्यावर सोंपविलें. अशा वेळीं तज्ज्ञाचा आव आणण्याचा मोह कोणास होत नाहीं? आम्हीं ताबडतोब कातड्याच्या विजारीचे गुण वर्णन करण्यास आरंभ केला. पुतण्यानें सर्व ऐकून घेतलें, आणि खुंटीकडे बोट दाखवून विचारलें, "तात्या, तुमची ती कातडी विजार चैत्र-वैशाखांत तुम्ही कितीदां घातलीत हो?" आम्ही निरुत्तर झालों. "मग जी तुम्ही स्वतः वैशाखांत घालाल, तीच मला सांगा," असें म्हणून तो आपल्या कामास निघून गेला. त्याच्या बोलण्यांत उद्धटपणा नव्हता. म्हणूनच तें अधिक लागलें.

लागण्यास कारणही तसेंच होतें. चार वर्षांपूर्वीं वैशाखांत, घरीं लग्नकार्य असतां, कापडाची राहिलेली खरेदी करण्यासाठीं आम्ही भरदुपारीं विट्यास निघालों. ऊन असें कडक होतें कीं, कातड्याच्या विजारीस हात लावण्याचेंही धैर्य होईना. 'जावयाचें तें विट्यापर्यंत, त्यास इतका सरंजाम कशाला?' अशी मनाची समजूत घालून आम्हीं पातळ सुती विजार चढविली. परततांना एका वळणावर बारीक खडी पसरली होती. वेग ताशी ४० किलोमीटरांहून अधिक नसावा. गाडी खालून निसटली आणि आम्ही उजवा गुडघा व मांडी यांवर घसरत गेलों. शिरस्त्राणावर एक ओरखडाही उमटला नाहीं. विजारीचा मात्र गुडघ्यावरील भाग नाहींसा झाला होता, आणि त्याखालील कातडीनेंही तिचेंच अनुकरण केलें होतें. जखमेंतून खडीचे कण वेंचून काढण्यास डॉक्टरांस जो वेळ लागला, त्याचें वर्णन करून वाचकांस कष्ट देत नाहीं. लग्नाच्या पंगतींत सारी मंडळी पाटांवर बसली असतां आम्ही एकटे कोपऱ्यांत खुर्चीवर पाय लांब करून बसलों होतों. मातोश्री वाढतां वाढतां थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे, डोक्याला मडकं घालायचं सुचलं, मग पायांनीं तुझं काय घोडं मारलं होतं?"

हा प्रश्न घेऊन आम्ही पुढें ग्रंथांकडे वळलों, तों तेथेंही प्रथम डोक्याचीच कथा आढळली. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नांवानें प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ सालीं इंग्लंडांत फटफटीच्या अपघातानें वारले. त्यांच्या उपचारासाठीं आलेल्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनीं पुढें अशा अपघातांचा अभ्यास करून १९४१ सालीं शिरस्त्राणाचें महत्त्व दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. पायांस असा कैवारी लवकर भेटला नाहीं. कारण पायाच्या जखमेनें माणूस सहसा मरत नाहीं, आणि जें मारीत नाहीं त्याचा अभ्यास सावकाश होतो. तथापि अमेरिकेंत हॅरी हर्ट यांनीं लॉस एंजिलिसच्या परिसरांतील ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांच्या १९८१ च्या अहवालांत, डोकें व मान वगळतां उरलेल्या शरीराच्या जखमांपैकीं निम्म्या जखमा मांडी, गुडघा, नडगी व पाऊल यांच्याच असल्याचें दिसून आलें. आपल्याकडे पुष्कळांचा भरंवसा गाडीस पुढें बसविलेल्या लोखंडी लेगगार्डावर असतो. त्याच अहवालाचा निष्कर्ष असा कीं, अशा दांड्यांनीं पावलाच्या जखमा जितक्या कमी होतात, तितक्याच गुडघ्याच्या, नडगीच्या व मांडीच्या वाढतात. लेगगार्ड गाडीचा रंग वांचवितो. पायाचा रंग वांचविण्यास वस्त्रच पाहिजे.

वस्त्र पाहिजे हें कळूनही आपण तें घालीत नाहीं, याचें कारण ऊन. आणि तें कारण खोटें नाहीं. आमचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत मोडतो. ताकारी व टेंभू योजनांचें पाणी आल्यापासून शिवारांत ऊस डोलूं लागला, तरी वैशाखांतील दुपार कांहीं निवली नाहीं. पारा चाळीस अंशांच्या घरांत जातो. परंतु याच मुलुखांत उन्हांत राबणारी माणसें अंग उघडें टाकतात काय? ऊसतोडणीस येणाऱ्या बायका पाल्यानें अंग कापूं नये म्हणून लुगड्यावर पुरुषी सदरा चढवितात आणि डोईस फडकें बांधतात. रानांत फिरणारा धनगर खांद्यावरील घोंगडी उन्हाळ्यांतही टाकून देत नाहीं. ज्यांस उन्हांतून सुटका नाहीं, ते झांकावें कीं नाहीं हा वाद घालीत बसत नाहींत. कशानें झांकावें एवढेंच पाहतात.

कशानें, हें ठरविण्यापूर्वीं उन्हाचें गणित समजून घेतलें पाहिजे. आपल्या कातडीचें उष्णमान सुमारें ३५ अंश असतें. वारा त्याहून थंड असेल तर तो अंगांतील उष्णता घेऊन जातो. त्याहून ऊन असेल तर उलट आपणांसच उष्णता देतो. अशा वेळीं एकच उपाय उरतो, तो माठाचा. माठ पाझरतो, वाऱ्यानें तें पाणी सुकतें आणि आंतील पाणी गार होतें; घामाचें कार्य हेंच. म्हणून सकाळच्या प्रहरीं विजारींतून वारा जितका खेळेल तितका उत्तम. परंतु ऐन दुपारीं उघड्या मांडीवर येणारा वारा भट्टीच्या फुंकरीसारखा असतो, आणि उघडें राहिल्यानें गारवा मिळतो ही आपली समजूत फसवी ठरते. त्या वेळीं आंतील पातळ सुती विजार पाण्यांत भिजवून पिळून घालावी आणि वर जाळीदार संरक्षक विजार चढवावी. आमच्या कोरड्या हवेंत हा गारवा सुमारें अर्धा तास टिकतो. कोंकणांतील दमट हवेंत हा उपाय फारसा चालणार नाहीं, कारण तेथें पाणी सुकण्याचेंच मनावर घेत नाहीं.

आतां रस्त्याचें गणित. ताशी ४० किलोमीटरांच्या वेगानें पडलेला मनुष्य डांबरी रस्त्यावर दहा-बारा मीटर घसरतो, आणि त्यास सुमारें दोन सेकंद लागतात. साधी जीनची विजार परीक्षेच्या यंत्रावर सेकंदभरही टिकत नाहीं. तेव्हां उरलेला सेकंद कोणीं सोसावयाचा, हा सारा प्रश्न आहे. कातडें तो उत्तम सोसतें, परंतु वैशाखांत माणूस कातडें सोसत नाहीं. १९६५ सालीं अमेरिकेंत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीनें जो बळकट धागा शोधून काढला आणि जो पुढें केव्हलार या नांवानें प्रसिद्ध झाला, त्याच्या जातीचे धागे आतां जीनच्या कापडांत विणतात किंवा गुडघ्यास व बैठकीस आंतून अस्तर म्हणून लावतात. अस्तराची विजार मजबूत, पण उबदार. एकेरी विणीची हलकी, पण महाग. तिसरी जात जाळीदार नायलॉनची: मांडीवर मोठी जाळी, आणि गुडघा, कंबर व बैठक येथें घट्ट विणीचें कापड. हिच्यांतून वारा उत्तम खेळतो, परंतु तिची निवड डोळसपणें केली पाहिजे. कारण हलक्या प्रतीचें कृत्रिम कापड घर्षणाच्या उष्णतेनें वितळतें. आंत सुती वस्त्र असावें याचें हें दुसरें कारण.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबूं नये. ऑस्ट्रेलियांतील एका पाहणीचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले; तींत अपघातांत सांपडलेल्या खास फटफटीसाठींच्या विजारींपैकीं सुमारें २८ टक्के विजारी फाटून निकामी ठरल्या होत्या. म्हणून विजारीच्या आंतील चिठ्ठी वाचावी. युरोपांतील ईएन १७०९२ या प्रमाणपद्धतींत एकेरी, दुहेरी व तिहेरी 'ए' असे वर्ग आहेत. त्यांतील सर्वाधिक धोक्याच्या जागा अनुक्रमें ताशी सुमारें ४५, ७० व १२० किलोमीटरांच्या घसरणीस उतरतील अशा तपासतात. गुडघ्याच्या गादीवर ईएन १६२१ हा अंक पाहावा. तींत पहिल्या पायरीची गादी ठराविक आघातांतील सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आंत पोंचूं देते, दुसऱ्या पायरीची २० पर्यंत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें २०१८ पासून चालू असलेली मोटोकॅप ही संस्था तर दुकानांतून वस्त्रें विकत घेऊन त्यांचें संरक्षण आणि त्यांतील उष्म्याची सोय या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तोलते. आम्हांस हा मार्ग फार आवडला. कारण संरक्षण व गारवा हीं दोन खातीं निरनिराळीं आहेत, हें आमच्या ध्यानांत येण्यास एक गुडघा खर्ची पडला. आणखी एक गोष्ट. विजार उभ्यानें पाहूं नये. गाडीवर बसून पाहावी. बसल्यावर ती वर सरकते, आणि उभें असतां गुडघ्यावर असलेली गादी मांडीवर जाऊन बसते. विजार सैल असेल तर पडण्याच्या वेळीं ती गादी फिरून भलतीकडेच जाते.

हें सर्व पुतण्यास सांगितलें, आणि त्याच्या प्रश्नाचें उत्तर म्हणून एवढें जोडलें: तिहेरी 'ए' ची विजार उत्तम, परंतु ती घरीं राहत असेल तर अंगावरील एकेरी 'ए' च श्रेष्ठ होय. कातड्याचे गुण आम्हीं जे गाइले होते ते खरे होते. परंतु आमचा गुडघा फुटला त्या दिवशीं ते सर्व गुण खुंटीवर लटकत होते. रस्त्यावरील खडीस आपण विट्यास निघालों आहों कीं काश्मिरास, याचा पत्ता नसतो.

पुतण्यानें जाळीदार विजार घेतली. गुडघ्यास दुसऱ्या पायरीच्या गाद्या, कंबरेसही गाद्या. नेहमींच्या पातळ विजारीवर ती चढवितो आणि महाविद्यालयांत पोंचल्यावर काढून पिशवींत ठेवतो. पहिल्या दिवशीं चौकांतल्या पोरांनीं "काय रे, क्रिकेट खेळायला निघालास काय?" म्हणून त्याची टर उडविली. तो संध्याकाळीं हें सांगूं लागला तेव्हां, दुसऱ्या दिवसापासून विजार घरींच राहणार, असें भय आम्हांस वाटलें. उपदेश करण्याचा विचार मनांत आला. पण ज्याच्या खुंटीकडे एकदां बोट दाखविलें गेलें आहे त्यानें उपदेश कोणत्या तोंडानें करावा? म्हणून आम्ही गप्प राहिलों आणि तसलीच एक विजार स्वतःसाठीं मागविली.

परवां वैशाखाची भरदुपार होती. मातोश्रींनीं रसासाठीं आंबे आणण्यास बाजारांत पिटाळलें. बाजार घरापासून हांकेच्या अंतरावर. आम्ही खुंटीकडे गेलों. आमची विजार तेथें होती. शेजारची पुतण्याची खुंटी रिकामी होती. तो सकाळींच कराडास गेला होता. आम्हीं आपली विजार काढली, आंतील सुती विजार भिजवून घेतली आणि आंब्यांची पिशवी घेऊन बाहेर पडलों. मातोश्री दारांत उभ्या होत्या. त्यांनीं आमच्या पायांकडे एकवार पाहिलें आणि या खेपेस कांहीं विचारलें नाहीं.